घंटीनंतरचा एक फेरा

भूत, करणी, अंगात येणं — यातलं मी काहीही मानत नाही. हा अनुभव येण्याआधी मानत नव्हते आणि आल्यावरही मानत नाही. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, म्हणजे शेवटी कुणी "आजी, आता तरी पटलं ना?" असं विचारायला नको. या सदरातले अनुभव मी वाचते. घाटातली बाई, विहिरीवरचा आवाज, पिंपळाखालचा म्हातारा... वाचायला बरे वाटतात. माझ्याकडे तसलं काही नाही. माझ्याकडे हिशेब करायचं, हाताने फिरवायचं एक जुनं काळं यंत्र आहे, आणि भर दुपार आहे.

माझी शाळा चौथीपर्यंत. शुद्धलेखन संपादकांनी सुधारावं, मजकूर सुधारू नये.

आम्ही मूळचे संगमनेरकडचे. लग्न होऊन मी लखनौला आले आणि मग इथलीच झाले. आमचे हे रेल्वेत इंजिनियर होते, पुलांची आकडेमोड चालायची त्या ऑफिसात. निवृत्त झाल्यावर आम्ही निशातगंजमध्ये एका गल्लीत पहिला मजला घेतला. खाली बाजार, वर आम्ही, आणि आमच्या वर माकडं. माकडांमुळे प्रत्येक खिडकीला लोखंडी जाळी आहे. बोट जाईल, हात जाणार नाही अशी. मुलगा प्रकाश गोमती नगरात फ्लॅटमध्ये राहतो. त्याची मुलगी मिनू हिचं कॉलेज आमच्या घराजवळ, म्हणून ती आमच्याकडे असते. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत देते. मी मराठीत ओरडते, ती हिंदीत ऐकत नाही — असं आमचं चालतं.

आता यंत्राबद्दल. ते कसं चालतं हे सांगावंच लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. कंटाळू नका. मला कळलं म्हणजे कुणालाही कळेल.

कॉम्प्युटर नव्हते तेव्हा यांच्या ऑफिसात एक लांबलचक खोली होती. टेबलांच्या रांगा, प्रत्येक टेबलावर एक यंत्र, आणि दिवसभर घर्र-घर्र. यंत्र टाइपरायटरपेक्षा बुटकं, पण उचलायला जड. वरच्या गोल पाठीवर खाचा असतात, प्रत्येक खाचेत एक खटका आणि शेजारी शून्य ते नऊ आकडे. खटका सातावर आणला की आतल्या चाकाचे सात दात बाहेर येतात. उजवीकडे दांडा असतो. तो एक फेरा पुढे फिरवला की ते सात दात खालच्या आकड्यांच्या चाकाला सात घरं ढकलतात. सात मिळवले गेले. तीन फेरे मारले तर सात त्रिक एकवीस. दांडा उलटा फिरवला तर वजा. हातचा आपण धरायचा नाही, यंत्रच शेजारच्या चाकाला ढकलून देतं. आकड्यांच्या खिडक्या असलेला खालचा भाग डावी-उजवीकडे सरकतो, त्याला हे लोक कॅरेज म्हणत. तो एक घर सरकला की सगळं दहापटीने बदलतं. बस, एवढंच. गुणाकार म्हणजे परत परत मिळवणं, भागाकार म्हणजे परत परत वजा करणं. मोठमोठ्या पुलांचं गणित या दोन गोष्टींवर व्हायचं याचं मला तेव्हा हसू यायचं.

यांना या यंत्रांचा इतिहास सांगायची हौस फार. फ्रान्समधल्या एका पोराने वडिलांचं करवसुलीचं काम हलकं व्हावं म्हणून चाकांची पेटी केली, तिला बेरीज-वजाबाकीच नीट यायची. मग एका जर्मन पंडिताने गुणाकाराचं यंत्र केलं, त्याचं हातचे धरायला चुकायचं. पुढे दोनेकशे वर्षांनी स्वीडनच्या एका माणसाने रशियात बसून ही दात आत-बाहेर होणारी चाकं बाजारात आणली आणि मग ती जगभर गेली. पोळ्या लाटताना मी हे इतक्या वेळा ऐकलंय की झोपेत सांगेन. "एवढी सगळी डोकी लागली," हे म्हणायचे, "तेव्हा तुझ्या हातात हा दांडा आला." मी म्हणायची, "अहो, माझ्या हातात लाटणं आहे."

पुढे बटणांचे कॅल्क्युलेटर आले आणि ऑफिसाने ही यंत्रं भंगारात काढली. त्यातलं एक हे घरी घेऊन आले. मलाही शिकवलं. प्रकाशच्या शाळेतली गणितं मी त्यावर तपासून द्यायची.

भागाकाराचं तेवढं नीट ऐका. बावीस भागिले सात करायचं आहे. यंत्रात बावीस भरायचे, खटका सातावर आणायचा आणि दांडा उलटा फिरवायला लागायचं. एक फेरा, पंधरा उरले. दुसरा, आठ. तिसरा, एक. आता एकातून सात जात नाहीत. पण यंत्राला हे कळत नाही, आणि फिरवणारा भरभर फिरवत असतो, तो काही खिडकीत बघत नाही. तो चौथा फेरा मारतो. मारला की आकडा शून्याच्या खाली जातो, खिडक्यांत डावीकडून नवांची रांग उभी राहते, आणि यंत्र टण् करून घंटी वाजवतं. म्हणजे जास्त झालं. मग एक फेरा सरळ मारायचा. नऊ जातात, खरी बाकी परत येते. परत येतानाही घंटी एकदा वाजते. मग कॅरेज एक घर सरकवायची आणि पुढचा आकडा काढायला घ्यायचा.

घंटी वाजली की एक फेरा परत. यांच्या खोलीत हा नियम असा मुरलेला होता की तो नियम राहिलाच नव्हता. चहा येवो, साहेब येवो, यंत्रात नऊ असताना कुणी खुर्चीवरून उठत नसे. एका गणपतीत यांच्या ऑफिसातली मंडळी आमच्याकडे जेवायला होती. कुणाचं तरी पोर यंत्राशी खेळत होतं, त्याने दांडा उलटा फिरवला आणि घंटी वाजली. पानांवरची तीन माणसं एकदम उठली! त्यातल्या एकाच्या हाताला वरणभात. तोच आधी पोचला, आणि दांड्याला लागलेला भात मी दुसऱ्या दिवशी खरवडून काढला. बायका हसून हसून बेजार झाल्या. यांना त्यात हसण्यासारखं काय ते कळेना. "नऊ होते ना त्यात," एवढंच म्हणाले.

आता मुद्द्यावर येते.

दोन-तीन वर्षांपूर्वी यांना झटका आला. उजवी बाजू गेली. वाचा गेली. राहिला एकच शब्द — "हो". चहा देऊ? हो. नको का चहा? हो. दुखतंय? हो. एकदा वैतागून मी म्हटलं, "उचलून गोमतीत टाकून येऊ का?" तर त्यालाही हो. म्हणजे त्या होचा उपयोग शून्य. डॉक्टर म्हणाले की ते आवाजाला आवाज देतात, अर्थ पोचत नाही. दिवसभर छतावरच्या पंख्याकडे बघत असायचे. हिवाळ्यात पंखा बंद असतो, तरी त्याच्याकडेच.

सकाळी एक अटेंडंट भैया येऊन आंघोळ घालून जायचा. बाकी दिवस माझा. कूस बदलणं, भरवणं, कपडे, चादरी. माझं वय तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेलं, आणि हे हाडापेराने मोठे. माझी कंबर कामातून गेली. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही, जे होतं ते सांगते.

प्रकाश दर रविवारी यायचा. यांच्या पलंगापाशी उभा राहूनच बोलायचा.

"आई, डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना? समझ नहीं रही उनको. तू किती दिवस अशी खेचणार?"

"तुझ्या बापाला मी खेचत नाही, उचलते. खेचलं की पाठीला जखमा होतात."

"तेच म्हणतोय ना! आमच्याकडे सेंटर आहे एक. नर्स आहे, डॉक्टर आहे. घरापासून दहा मिनिटं. मी रोज जाऊन येईन."

मी जाऊन बघून आले होते. वाईट नव्हतं. स्वच्छ होतं. एका हॉलमध्ये ओळीने पलंग, प्रत्येकाच्या उशाशी पाण्याची बाटली, आणि टीव्ही चालू. कुणी बघत नव्हतं.

माझं म्हणणं सरळ होतं. आत माणूस असेल तर मी मरेपर्यंत उचलीन, त्याला त्या ओळीत नेऊन ठेवणार नाही. आणि आत कुणीच नसेल, नुसतं शरीर श्वास घेत असेल, तर माझी कंबर मोडून कुणाचं भलं होणार आहे? हे ऐकून सून दचकली होती. पण मला जे कळायला हवं होतं ते एवढंच होतं — आत कुणी आहे की नाही. त्यावर डॉक्टर नाही म्हणत होते आणि हे हो म्हणत होते, आणि त्या होला किंमत नव्हती.

शेवटी मी कबूल झाले. अॅम्ब्युलन्स सोमवारी येणार असं ठरलं. पक्कं सांगायला शनिवारी संध्याकाळपर्यंत फोन करते म्हणाले.

शनिवारी भैया आंघोळ घालून गेला, मी दाराची कडी लावली आणि यांच्याकडे बघत बसले. आणि मला सुचलं. बोलणं गेलं, अर्थ गेला, पण तो नियम? जो भाताच्या हाताने माणसं उठवतो तो? यांच्या डोक्यातून माझी नावनिशाणी पुसली जाईल एकवेळ, ते पुसलं जायचं नाही असं मला वाटलं.

मिनूला हाक मारली. "ते यंत्र उचलून आण इकडे."

"आजी, अब इससे क्या करना है?"

"आजोबांना दाखवायचंय."

"आप आजोबा का इम्तिहान ले रही हैं?" ती हसली. पण घेऊन आली. जेवायचं फळकूट पलंगावर आडवं लावलं, त्यावर यंत्र ठेवलं. "वीडियो बना लूँ?"

"बनव काय ते. मध्ये बोलू नको."

पुसलं, तेल दिलं, एक-दोन फेरे मारून पाहिले. चालत होतं. मग जुने आकडे शून्यावर आणले, कॅरेज उजवीकडे सरकवून बावीस भरले, खटका सातावर घेतला. यांच्या तोंडासमोरच. दांड्याच्या मुठीत एक पिन असते, ती बाहेर ओढल्याशिवाय दांडा सुटत नाही. ती ओढली. एक फेरा. दोन. तीन. चौथा मुद्दाम मारला.

टण्.

नवांची रांग, शेवटी चार. मी हात काढून घेतला आणि यांच्याकडे बघितलं. डावा हात चांगला होता यांचा. घास ढकलून द्यायचे त्या हाताने, भैयाची दाढी ओढायचे. तो हात चादरीवर होता तसाच राहिला. डोळे पंख्यावर.

"अहो, घंटी वाजली."

"हो."

"नऊ आलेत बघा."

"हो."

"असंच ठेवू? उठू का मी?"

"हो."

मी बराच वेळ थांबले. एक पापणीसुद्धा इकडची तिकडे झाली नाही. मिनूने मोबाइल खाली केला. तिचे डोळे भरले होते. मी म्हटलं, "पुरे झालं. ठेव जाग्यावर."

यंत्राची जागा म्हणजे खिडकीजवळचं माझं शिवणाचं मशीन, त्याच्या टेबलावर. पलंगापासून खोलीच्या दुसऱ्या टोकाला. मिनूने ते होतं तसं उचलून तिथे ठेवलं. ठेवताना म्हणाली, "आजी, इसमें ये नाइन-नाइन ही रहने दूँ?" मी म्हटलं, राहू दे. आता कुणाला फरक पडतो?

पलंगाचे दोन्ही कठडे वर केले. प्रकाशला फोन लावला आणि सोमवारी गाडी बोलाव म्हणून सांगितलं. हे मी यांच्या खोलीतच, यांच्या पायाशी उभी राहून सांगितलं. ते ऐकतायत असं मला आता वाटत नव्हतं. मग स्वयंपाकघरात गेले. मटार आणलेले होते, मिनू आणि मी समोरासमोर बसून सोलायला लागलो. ती नाक ओढत होती. वीज गेलेली होती, त्यामुळे फ्रिजसुद्धा गप्प होता.

आणि आवाज आला.

घर्रर्र... टण्.

मग थोडं थांबून — खट्.

मला तो आवाज ओळखायला लागत नाही. अर्धं आयुष्य ऐकलाय. दांड्याचा एक पूर्ण फेरा, घंटी, आणि मग कॅरेज सरकल्याचा खटका. मिनूच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"आजी... आपने सुना?"

"ऊठ."

ती पळाली, मी भिंत धरत मागून. यांच्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं. हे होते तसेच उताणे, डोळे मिटलेले, तोंड उघडं, बारीक घोरत होते. कठडे वर. खिडकीची जाळी जागच्या जागी. बाहेरच्या दाराची कडी मी मागाहून पाहिली, लावलेली होती.

मिनू यंत्रापाशी उभी होती. मला म्हणाली, "नाइन नहीं हैं."

नव्हते. बावीसातून तीनदा सात गेल्यावर जो एक उरतो, तो एक होता खिडकीत. फेरे मोजायच्या खिडकीत चाराचा तीन झालेला. आणि कॅरेज एक घर डावीकडे सरकलेली... पुढचा आकडा काढायला घेताना सरकवतात तशी. दांडा बरोबर जागेवर, पिन आत बसलेली.

मी आधी यांचे हात पाहिले. दांड्याला त्या दिवशी तेल दिलेलं, माझी बोटं काळी झाली होती, मटाराच्या शेंगांनासुद्धा डाग पडले होते. यांचे दोन्ही हात स्वच्छ. उजवा तर उशीवर ठेवलेला, जसा भैया ठेवून गेला होता तसा. मिनूने व्हिडिओ लावून बघितला. त्यात नऊ स्पष्ट दिसतात, आणि चार. मग तिने यंत्राचा फोटो काढला. फोटोत एक आहे.

मी घाबरले नाही. खरंच नाही. मला राग आला. इतका वेळ तोंडासमोर धरलं तेव्हा काही नाही, आणि आता हे!

प्रकाश संध्याकाळी आला. मिनूने फोनवर सांगितलं होतं. त्याने खोली बघितली, जाळी हलवून बघितली.

"बंदर आया होगा, आई."

"या जाळीतून?"

"छोटा असेल."

"छोट्या बंदराला भागाकार येतो?"

"मग मिनूने केलं असेल. रडत होती ना ती."

"पापा, मैं किचन में थी! आजी के सामने!"

"मग तूच मघाशी परत फिरवलं असशील आणि विसरलीस. वय झालंय, आई."

"आणि आवाज? तोही मी विसरले?"

त्याला खोडून काढायचंच होतं. म्हणाला, अमीनाबादेत टाइपरायटर दुरुस्त करणारे एक जण अजून आहेत, त्यांना दाखवू, यंत्रात ढिलेपणा असेल, आपोआप सुटलं असेल. रविवारी यांच्यापाशी मिनूला बसवून आम्ही गेलो. गाडी आत जात नाही. ई-रिक्षातून उतरल्यावर प्रकाशने ते धूड पोटाशी धरून दुपट्ट्यांच्या दुकानांमधून आणलं. येणारे-जाणारे विचारत होते, "भैया, बिकाऊ है क्या?" त्याची चांगली जिरली.

दुरुस्तीवाले वयाने माझ्याएवढेच असतील. झाकण काढून बघितलं. यंत्र हलवलं, वाकडं केलं, टेबलावर आपटलं. दांडा हलला नाही. प्रकाशने विचारलं, अपने आप घूम सकता है? ते म्हणाले, "नहीं साहब. पिन खींचे बिना हिलेगा नहीं, और स्प्रिंग अच्छी-ख़ासी कड़ी है."

"आणि कॅरेज?" मी विचारलं.

"वो अलग खटके से चलती है." मग माझ्याकडे वळून हसत म्हणाले, "अम्मा, साहब फ़रमा रहे हैं कि बंदर था? तो उस बंदर को हमारे यहाँ भेज दीजिए. आजकल कारीगर मिलते नहीं."

परत येताना रिक्षात मी विचार करत बसले. यंत्र मांडीवर होतं, थंडगार लागत होतं. मला सुचलं ते इथे लिहिते, चूक असेल तर कळवा.

समजा, यांनीच फिरवलं. कसं ते विचारू नका, पण समजा. मग आत माणूस आहे. त्याने वेळ घेतला एवढंच.

समजा, दुसऱ्या कुणी फिरवलं. ते जे काही असेल ते. मग त्याला घंटीचा नियम माहीत होता, आणि त्याने तो यांच्या खोलीत पाळला. माझा प्रश्न यांच्याबद्दल होता, तेव्हा ते उत्तरही यांच्याबद्दलच धरावं लागेल.

आणि समजा प्रकाश म्हणतो तसं, मीच जाऊन फिरवलं आणि विसरले. मिनूलाही कसं ते दिसलं नाही कोण जाणे, पण समजा. मग सोमवारी यांना पाठवायचं हे माझ्या तोंडाने ठरवलं होतं, हातांनी ठरवलं नव्हतं.

कसंही धरलं तरी सोमवारी गाडी बोलवायची नाही, हेच निघत होतं. मी ते रिक्षातच प्रकाशला सांगितलं.

"एका घंटीवर, आई?"

"दोन. एक मी वाजवली."

तो चिडला. पण मुलगा वाईट नाही माझा. घरी आल्यावर त्याने वडिलांच्या खोलीत न जाता गॅलरीत जाऊन सेंटरला फोन केला आणि नको म्हणून सांगितलं. गॅलरीत का गेला ते मी विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात त्याने दुपारसाठी दुसरा भैया लावून दिला आणि उचलायचं काम त्याच्याकडे गेलं. हे आधीच करता आलं असतं, पण कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. पाठवायचं की ठेवायचं, एवढंच सगळे बोलत होतो.

त्यानंतर मी तोच प्रयोग कितीतरी वेळा केला. यांच्या तोंडासमोर यंत्र धरून, घंटी वाजवून, नऊ तसेच ठेवून. कधी बसून राहिले, कधी उठून स्वयंपाकघरात गेले आणि कान देऊन उभी राहिले. काही झालं नाही. एकदाही नाही. नऊ ठेवले तर दुसऱ्या दिवशी नऊच. शेवटी मी ते बंद केलं, कारण त्यात यांना त्रास होत असेल तर? असा विचार मी पहिल्या वेळी केला नव्हता.

बाकी एक फरक पडला. खोलीतलं बोलणं बदललं. मिनू कॉलेजातून आली की पलंगाशी बसून दिवसभरातलं सगळं सांगायची, कोण कुणाशी बोलत नाही इथपर्यंत. मी भाजी निवडायला यांच्या खोलीत बसायला लागले. "आज मुळा घेतलाय, तुम्हाला आवडत नाही, माहितेय," असं काही म्हणायची. उत्तर हो. पूर्वी या होचा मला संताप यायचा. नंतर यायचा नाही, एवढंच. त्याचा अर्थ कळायला लागला असं कुणी समजू नये.

पावसाळा संपता संपता हे गेले. सकाळी, झोपेत. वाचणाऱ्यांना वाटत असेल की त्या वेळी घंटी वाजली असणार. नाही वाजली. यंत्र शिवणाच्या टेबलावर होतं, त्यावर धूळ होती, सगळ्या खिडक्यांत शून्य. मी जाऊन बघितलं होतं म्हणून सांगते.

त्या दुपारी दांडा कुणी फिरवला हे मला अजून माहीत नाही. मिनूच्या कॉलेजातल्या मुलांनी व्हिडिओ आणि फोटो बघून काय काय तर्क काढले, एकही पटला नाही. त्यांच्यातल्या एकाने मला सरळ विचारलं, "आजी, आपको क्या लगता है, अंदर थे वो?" मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही. त्या दिवसापासून शेवटपर्यंत मी ज्याला भरवलं, ज्याची कूस बदलली, त्यात माणूस होता की नव्हता हे मी शपथेवर सांगू शकत नाही.

तुमच्याही घरात कुणी असं पडून असेल. पाठवायचं की ठेवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, कंबर तुमची आहे. मी कुणाला उपदेश करणार नाही. फक्त, ठरवायला बसाल तेव्हा त्या खोलीतून बाहेर जाऊन बोला.